टाके घालण्याआधी अवजारे मोजा

अतिदक्षता विभागात खाटेच्या डोक्याशी टांगलेला मॉनिटर हे आता तालुक्याच्या रुग्णालयातही सवयीचे दृश्य झाले आहे. हृदयाचे ठोके, रक्तदाब, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, श्वासाची गती असे आकडे त्यावर सतत हलत असतात. सिस्टरची नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर जाते तितक्याच वेळा त्या पडद्यावरही जाते. या पडद्यामागे एक छोटा संगणक आहे आणि त्यात कोणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम चालतो, याचा विचार सहसा कोणी करत नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी तो करणे भाग पडले.

त्या दिवशी अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, आणि तिथली सायबर सुरक्षा संस्था सिसा यांनी एकाच वेळी इशारा दिला. कॉन्टेक या चिनी कंपनीच्या सीएमएस ८००० या मॉनिटरमध्ये एक अनपेक्षित वाट सापडली होती. मॉनिटरच्या प्रोग्रॅममध्ये इंटरनेटवरील एक पत्ता कायमचा लिहून ठेवलेला होता. त्या पत्त्यावरून फायली ओढून घ्यायच्या आणि मॉनिटरमधील जुन्या फायलींवर त्या चढवायच्या, अशी सोय त्यात होती. शिवाय मॉनिटर नेटवर्कला जोडलेला असल्यास रुग्णाची माहिती कोणतेही कुलूप न लावता त्याच पत्त्याकडे पाठवली जात होती. तो पत्ता कंपनीचा नसून एका विद्यापीठाशी संबंधित असल्याचे सिसाने म्हटले. हेच यंत्र एप्सिमेड या दुसऱ्या नावानेही विकले जात होते.

एफडीएचा सल्ला साधा होता. मॉनिटरची नेटवर्कची तार काढा, वायफाय बंद करा आणि तो फक्त खाटेशेजारी बसून पाहण्यापुरता वापरा. दुरून लक्ष ठेवण्यासाठी तो लावला असेल, तर वापर थांबवून दुसरा पर्याय शोधा. या त्रुटीमुळे कोणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद तोपर्यंत नव्हती. पण आकडा दुरून बदलता येत असेल, तर त्या आकड्यावर इंजेक्शनचा डोस ठरवायचा कसा, हा प्रश्न उरलाच.

चोरवाट की विसरलेली शिडी?

पहिल्या बातम्यांत ‘चोरवाट’ हा शब्द ठळक होता. काही दिवसांतच वैद्यकीय यंत्रांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या क्लॅरोटी या कंपनीच्या संशोधकांनी वेगळे मत मांडले. तो पत्ता यंत्राच्या माहितीपुस्तिकेतही छापलेला होता. रुग्णालयाने आपल्या मध्यवर्ती संगणकाला तोच पत्ता द्यावा, अशी मूळ कल्पना दिसत होती. म्हणजे हेरगिरीपेक्षा हा निष्काळजी रचनेचा प्रकार असण्याची शक्यता जास्त, असे त्यांचे म्हणणे. धोका मात्र त्यांनीही नाकारला नाही. तो पत्ता रुग्णालयाच्या नेटवर्कवरच अडवा, असा सल्ला त्यांनीही दिला.

हेतू काय होता, याचा निवाडा तपास यंत्रणा करतील. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही शक्यतांचा परिणाम सारखाच आहे. यंत्र बनवताना, चाचणी घेताना किंवा नवी आवृत्ती चढवताना जी सोय लागली असेल, ती यंत्र विकताना आत राहिली. इमारत पुरी झाल्यावर परांची उतरवायची असते. इथे परांची तशीच राहिली आणि तिच्यावरून कोणीही खिडकीपर्यंत चढू शकले असते.

हा प्रकार एका कंपनीपुरता किंवा एका देशापुरता नाही. जून २०१३ मध्येच अमेरिकेतील यंत्रणांनी सुमारे ४० उत्पादकांच्या सुमारे ३०० वैद्यकीय उपकरणांबद्दल इशारा दिला होता. शस्त्रक्रियेची व भूल देण्याची साधने, व्हेंटिलेटर, औषध सोडणारे पंप, डीफिब्रिलेटर, रुग्णाचे मॉनिटर असे सारे त्यात होते. त्या सर्वांच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड कायमचा कोरलेला होता. कंपनीच्या दुरुस्ती कामगाराला कोणत्याही गावी जाऊन यंत्र उघडता यावे, म्हणून ठेवलेली ही एकच चावी. ती एकदा बाहेर फुटली की त्या प्रकारची सगळी यंत्रे उघडी पडतात. रुग्णालयाला ती बदलताही येत नाही, कारण ती रुग्णालयाने ठरवलेलीच नसते.

कारखाना आणि तयार माल

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस ज्या वातावरणात काम करतो, ते एखाद्या वर्कशॉपसारखे असते. तिथे मूळ कोड असतो आणि त्याचे यंत्राला कळेल असे रूप करणारा कंपायलर असतो. प्रोग्रॅम चालत असताना मध्येच थांबवून आतले आकडे पाहू आणि बदलू देणारा डीबगर असतो. चाचणीसाठी खोटे रुग्ण, सोपे पासवर्ड, आतली प्रत्येक हालचाल लिहून ठेवणाऱ्या नोंदवह्या आणि इंटरनेटवरून फुकट घेतलेली शेकडो तयार पॅकेजे असतात. या सगळ्याला सर्वाधिकार लागतात. काम करणाऱ्याला अडथळा नको, म्हणून इथे सगळी दारे उघडी असतात, आणि ते योग्यच आहे. सुताराच्या कारखान्यात करवत कुलपात ठेवून चालत नाही.

अडचण येते ती तयार माल बाहेर पडताना. काही भाषांत कारखाना आणि माल वेगळे करणे तुलनेने सोपे असते. कंपायलरने बनवलेली एक फाइल तेवढी उचलायची. काही भाषांत ते सोपे नसते. १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या स्मॉलटॉक या भाषेत लिहिण्याची अवजारे आणि लिहिलेला प्रोग्रॅम एकाच साठ्यात शेजारी-शेजारी नांदतात. ग्राहकाला देण्याआधी त्यातून अवजारे एकेक करून काढावी लागतात. आज लोकप्रिय असलेल्या पायथनमध्येही प्रोग्रॅमबरोबर त्याचा दुभाषी पाठवावा लागतो. तो दुभाषी कंपनीचा कोड जितक्या निमूटपणे चालवतो, तितक्याच निमूटपणे आत शिरलेल्या घुसखोराचाही चालवतो.

डॉक्टरांना ही गोष्ट समजावून सांगायला शस्त्रक्रियागृहाचे उदाहरण पुरते. पोट उघडल्यावर आत चिमटे, मॉप, गॉज, सगळे काही जाते. त्याशिवाय शस्त्रक्रिया होत नाही. पण टाके घालण्याआधी सिस्टर प्रत्येक वस्तू मोजते आणि मोजणी जुळली असे मोठ्याने सांगते. जुळली नाही तर सर्जन कितीही ज्येष्ठ असला तरी थांबतो. पोटात राहिलेला मॉप कोणी मुद्दाम ठेवत नाही, पण म्हणून रुग्णाचा त्रास कमी होत नाही.

ही मोजणी पूर्वीही होत असे, पण माणसागणिक बदलत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक पानाची सुरक्षा यादी आणली. नवी दिल्लीसह जगातील ८ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. यादीत नवे शास्त्र काहीच नव्हते. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी प्रत्येक वेळी, ठरलेल्या क्षणी, मोठ्याने विचारल्या गेल्या, एवढेच. सॉफ्टवेअर रुग्णालयात पाठवण्याआधीची तयारी नेमकी याच जातीची आहे.

सीलबंद करणे म्हणजे काय?

पहिले काम अवजारे काढण्याचे. कंपायलर, डीबगर, चाचणीचे खोटे रुग्ण, तात्पुरते पासवर्ड आणि न वापरलेली पॅकेजे, सारे बाहेर. जे आत नाही त्याचा गैरवापर होऊ शकत नाही आणि त्याची दुरुस्तीही करावी लागत नाही.

दुसरे काम दारे मोजण्याचे. संगणकाला नेटवर्कवरून बोलण्यासाठी हजारो क्रमांकांची दारे असतात. मॉनिटरला त्यातली दोन-तीन पुरतात. बाकीची बंद करायची. यंत्राच्या मागे असलेल्या पेन ड्राइव्हच्या खाचेचाही हाच हिशेब. तिथे मोबाइल चार्ज करायला लावणारे कर्मचारी जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात भेटतात.

तिसरे काम परवानगीच्या यादीचे. घरच्या संगणकावर अँटिव्हायरस ओळखीच्या चोरांची यादी बाळगतो. यादीत नसलेला चोर सुटतो. सीलबंद यंत्रात उलटे करतात. कोणते प्रोग्रॅम चालायचे त्यांची यादी असते, आणि यादीबाहेरचे काहीही सुरूच होत नाही. व्हेंटिलेटरवर कोणी पत्रे लिहीत नाही की सिनेमे पाहत नाही, त्यामुळे तिथे ही कडक पद्धत सहज पेलते.

चौथे काम मोहोर लावण्याचे. कंपनी तयार प्रोग्रॅमवर डिजिटल सही करते. यंत्र सुरू होताना ती सही तपासते. आतले एक अक्षर जरी बदलले असेल तरी सही जुळत नाही आणि यंत्र तो प्रोग्रॅम नाकारते. रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागातून येणाऱ्या पाकिटावरची पट्टी ऑटोक्लेव्हमध्ये रंग बदलते, ती पाहूनच पाकीट उघडतात. तसाच हा प्रकार. पाकीट फाटलेले दिसले तर आतली कात्री कितीही चकचकीत असो, ती वापरत नाहीत.

पाचवे काम अधिकार कमी करण्याचे. प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यायचे. आकडे दाखवणाऱ्या भागाला औषधाचा पंप चालवण्याची परवानगी कशाला? परिचारिकेला आकडे पाहता यावेत, अलार्मची मर्यादा बदलता यावी. मूळ मोजमापाचे गणित मात्र तिला किंवा डॉक्टरला, कोणालाही खाटेशेजारून बदलता येऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जे तपासले तेच पाठवायचे. चाचणी एका आवृत्तीवर झाली आणि शेवटच्या दिवशी कोणीतरी ‘छोटीशी’ सुधारणा केली, तर आधीची सगळी चाचणी वाया गेली. औषधाच्या प्रत्येक बॅचला क्रमांक असतो आणि तिचा नमुना जपून ठेवतात. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीचीही अशीच नोंद लागते.

कुलूप लावले आणि किल्ली हरवली

इथवर वाचून वाटेल की यंत्र एकदा घट्ट बंद केले की प्रश्न मिटला. गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या घटना वेगळेच सांगतात.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर संगणक बंद पाडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याचा फटका बसला. रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. या हल्ल्यात वापरलेल्या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, उपलब्ध करून दिला होता. तो अनेक संगणकांवर चढवलाच गेला नव्हता. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात तपासणीची १,२२० यंत्रेही बाधित झाल्याची नोंद आहे. एमआरआयसारख्या यंत्राला जोडलेला संगणक रुग्णालयाने परस्पर बदलायचा नाही, असा कंपनीचा दंडक असतो. यंत्र पंधरा-वीस वर्षे चालते आणि त्याच्या आतली विंडोज मात्र त्याच्या निम्म्या वयातच म्हातारी होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती चालवणारी कितीतरी यंत्रे आजही रुग्णसेवेत आहेत.

म्हणजे न बदलणारे कुलूप हेही सुरक्षित नाही. पण बदलण्याची घाईही महाग पडते. १९ जुलै २०२४ रोजी याचे उदाहरण जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका छोट्या फाइलने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक एका झटक्यात बंद पडले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर जे बंद पडले ते आपोआप उठेनात. पुढे कंपनीने दिलेल्या कारणमीमांसेनुसार प्रोग्रॅमचा एक भाग २१ रकान्यांची अपेक्षा करत होता आणि त्याला २० च मिळाले होते. बॉस्टनमधील मास जनरल ब्रिगहॅम या मोठ्या रुग्णालय समूहाने त्या दिवशीच्या तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया आणि भेटी रद्द केल्या. ब्रिटनमधील अनेक फॅमिली डॉक्टरांची नोंदप्रणाली ठप्प झाली. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

त्या दिवसातला एक तपशील डॉक्टरांनी लक्षात ठेवावा असा आहे. अनेक संगणकांची डिस्क चोरीपासून बचावासाठी कुलूपबंद होती. दुरुस्तीसाठी प्रत्येक संगणकाजवळ जाऊन लांबलचक किल्ली-क्रमांक टाकावा लागला. कुलूप चांगले होते, पण किल्ली कुठे आहे आणि ती रात्री तीन वाजता कोणाकडे मागायची, हे ठरलेले नव्हते तिथे वेळ गेला. दुसरा धडा टप्प्यांचा. नवे औषध एकदम सगळ्या जगाला देत नाहीत. आधी थोड्यांना, मग जास्तांना. सुरक्षेची ती फाइल मात्र एकाच वेळी सगळ्यांना गेली.

हृदयात बसवलेल्या पेसमेकरच्या बाबतीत हा पेच आणखी तीव्र होतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अ‍ॅबट कंपनीच्या पेसमेकरमधील त्रुटी दूर करण्यासाठी एफडीएने नव्या फर्मवेअरला मान्यता दिली. अमेरिकेत अशा पेसमेकरची संख्या सुमारे ४,६५,००० होती. अपडेट घरबसल्या करायचे नव्हते. रुग्णाने दवाखान्यात यायचे, सुमारे ३ मिनिटे पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव पद्धतीवर चालणार, आणि तेवढ्यात नवा प्रोग्रॅम आत जाणार. ज्याचे हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी तातडीची पर्यायी सोय असलेल्या ठिकाणीच हे करावे, अशी सूचना होती. हल्ल्याचा धोका मोठा की अपडेट फसण्याचा, हे डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवायचे होते. सॉफ्टवेअरच्या निर्णयाला संमतिपत्र लागण्याइतके गांभीर्य आले ते असे.

पाकिटावरचे घटक

घट्ट कुलूप आणि वेळेवर दुरुस्ती या दोन्ही गोष्टी साधायच्या तर आधी आत काय आहे ते माहीत हवे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा भाषेतील फुकट पॅकेजमध्ये अत्यंत गंभीर त्रुटी उघड झाली. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले. हे पॅकेज फक्त नोंदी लिहिण्याचे किरकोळ काम करते आणि म्हणूनच ते जगभर असंख्य प्रोग्रॅममध्ये दडलेले होते. आपल्या रुग्णालयातील कोणत्या यंत्रात ते आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी कोणालाच देता येईना. कंपन्यांनाही ते शोधावे लागले.

खाण्याच्या पाकिटावर घटक छापणे सक्तीचे आहे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईला त्याचे मोल कळते. सॉफ्टवेअरसाठी अशीच घटकांची यादी अमेरिकेने वैद्यकीय उपकरणांना सक्तीची केली. २९ डिसेंबर २०२२ रोजी झालेल्या कायद्याने एफडीएला हा अधिकार मिळाला आणि २९ मार्च २०२३ पासून तो लागू झाला. इंटरनेटशी जोडले जाऊ शकणाऱ्या नव्या उपकरणाच्या अर्जात घटकांची यादी, त्रुटी शोधून दुरुस्त करण्याची योजना आणि सुरक्षित रचनेचा पुरावा द्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून या बाबी नसलेला अर्ज पहिल्या टप्प्यातच नाकारता येतो. भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पण रुग्णालयाच्या खरेदी समितीच्या टेबलावर ही यादी मागितल्याचे क्वचितच दिसते.

आपल्याकडचे चित्र

भारतात ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सॉफ्टवेअरचाही समावेश वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत झाला आणि १ एप्रिल २०२० पासून तो अमलात आला. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार धोक्याच्या चढत्या क्रमाने ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए आणि बी वर्गासाठी ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी व डी वर्गासाठी ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याची सक्ती झाली. म्हणजे कायद्याच्या नजरेत रोगनिदान करणारा प्रोग्रॅम आणि स्टेथोस्कोप एकाच कुटुंबात आले. ही मोठी पायरी आहे.

मात्र सर्वांत मोठा धक्का उपकरणातून आला नाही, तो रुग्णालयाच्या कारभाराच्या संगणकातून आला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील सर्व्हर खंडणीखोर हल्ल्यात सापडले. केस पेपर, भरती, तपासणीचे अहवाल, बिले, सारे हाताने करावे लागले आणि बरीचशी कामे पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे गेले. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ५ सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नेटवर्कचे विभाग नीट वेगळे न केल्याने हे घडले. संसर्गजन्य रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवण्याचे तत्त्व ज्या संस्थेत शिकवले जाते, तिथल्या संगणकांना वेगळ्या खोल्या नव्हत्या. एक चांगली गोष्ट अशी की हल्ल्यापासून वाचलेल्या एका राखीव सर्व्हरवरून रुग्णालय प्रणालीची माहिती परत मिळवता आली. राखीव प्रत वेगळी ठेवण्याचा कंटाळवाणा नियम तिथे कामी आला.

सरकारी रुग्णालयातील रोजची परिस्थिती पाहिली तर सीलबंद वगैरे शब्द परके वाटतात. एकच पासवर्ड सगळ्या वॉर्डाला ठाऊक असतो आणि तो पडद्याच्या कोपऱ्यात चिकटपट्टीवर लिहिलेला असतो. याला कर्मचाऱ्यांचा बेशिस्तपणा म्हणून मोकळे होता येत नाही. साठ खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर असतील आणि संगणक दर पाच मिनिटांनी कुलूपबंद होऊन पासवर्ड मागत असेल, तर त्या चिकटपट्टीच लावणार. हृदयक्रिया थांबलेल्या रुग्णाजवळ मॉनिटर पासवर्ड विचारू लागला, तर ते कुलूप जीवघेणे ठरेल. म्हणून चांगल्या प्रणालीत आग विझवण्याच्या यंत्राच्या काचेसारखी सोय असते. आणीबाणीत कोणीही काच फोडावी, काम लगेच व्हावे, आणि काच कोणी व केव्हा फोडली याची नोंद मागे राहावी. सुरक्षा कामाच्या आड आली की माणसे सुरक्षेला वळसा घालतात. त्यात त्यांचा दोष कमी आणि रचनेचा जास्त.

शिकणारे यंत्र कुलपात कसे ठेवायचे?

आता या सगळ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. एप्रिल २०१८ मध्ये एफडीएने मधुमेही रुग्णाच्या डोळ्याचा पडदा तपासून स्वतःच निष्कर्ष देणाऱ्या आयडीएक्स-डीआर या प्रणालीला परवानगी दिली. तिचे गणित कुलूपबंद होते. म्हणजे तेच छायाचित्र आज दाखवा की वर्षाने, उत्तर तेच येणार. मान्यता देणाऱ्यांना हे सोयीचे, कारण जे तपासले तेच बाजारात राहते.

पण अशा प्रणाली सुधारत नेणे हाच त्यांचा फायदा. यावर तोडगा म्हणून एफडीएने डिसेंबर २०२४ मध्ये अंतिम मार्गदर्शक सूचना दिल्या. कंपनीने पुढे कोणते बदल करणार, ते कसे तपासणार आणि फसले तर काय करणार हे आधीच लिहून मान्य करून घ्यायचे. त्या चौकटीत राहिल्यास प्रत्येक बदलासाठी नवा अर्ज नको.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय ओळखणाऱ्या प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाळणीसाठी मान्यता दिली. त्या ० ते १०० सारख्या मोजपट्टीवर गुण देतात आणि किती गुणांवर थुंकी तपासणीला पाठवायचे, हे कार्यक्रम चालवणाऱ्यांनी आपल्या भागातल्या परिस्थितीनुसार ठरवायचे असते. आवृत्ती बदलली की तोच आकडा वेगळा अर्थ सांगू शकतो. सोमवारी एका आवृत्तीवर तपासलेला मजूर आणि मंगळवारी दुसऱ्या आवृत्तीवर तपासलेला त्याचा भाऊ, दोघांना वेगळा न्याय मिळू नये. त्यासाठी प्रत्येक अहवालावर सॉफ्टवेअरची आवृत्ती छापलेली असावी. प्रयोगशाळेच्या अहवालावर तपासणीची पद्धत लिहितात, त्यापेक्षा हे अवघड नाही.

काय करता येईल?

यातले बरेचसे पैशांशिवाय होणारे आहे. रुग्णालयाने नवे यंत्र घेताना करारात काही प्रश्न विचारावेत. आतल्या घटकांची यादी द्याल का? कायमचा कोरलेला पासवर्ड नाही, असे लिहून द्याल का? दुरुस्ती किती वर्षे देणार आणि त्रुटी कळल्यावर किती दिवसांत देणार? यंत्र बाहेर कोणत्या पत्त्याशी बोलते? नेटवर्कशिवाय ते चालते का? यंत्राची किंमत आणि हमीची वर्षे जशी निविदेत असतात, तशीच ही उत्तरेही असावीत. एका रुग्णालयाने विचारले तर कंपनी दुर्लक्ष करील. राज्याच्या एकत्रित खरेदीत विचारले तर तिला उत्तर द्यावेच लागेल.

जुन्या यंत्रांचे काय? ती फेकून देणे परवडणारे नाही. त्यांना वेगळ्या नेटवर्कवर ठेवावे आणि इंटरनेटची गरज नसेल तिथे तार काढावी. कॉन्टेकच्या मॉनिटरला एफडीएने सुचवलेला पहिला उपायही एक तार उपसण्याचाच होता. हल्ला झालाच तर सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे; तो फोन कोणी करायचा, हे आधीच ठरलेले असावे. आणि वर्षातून दोनदा तरी संगणक बंद ठेवून कागदावर वॉर्ड चालवण्याची तालीम व्हावी. नव्या पिढीतल्या कित्येक निवासी डॉक्टरांनी कागदी औषधतक्ता लिहिलेलाच नाही.

रुग्ण आणि नातेवाइकांनी घाबरून मॉनिटर लावू नका असे म्हणण्याचे कारण नाही. मॉनिटरमुळे वाचणारे जीव आणि त्याच्यातील त्रुटीमुळे असलेला धोका यांची तुलनाच होत नाही. पेसमेकर किंवा इन्सुलिन पंप असलेल्यांनी मात्र आपल्या उपकरणाचे नाव व मॉडेल क्रमांक जपून ठेवावा आणि दर तपासणीला ‘याचे काही अपडेट आले आहे का?’ असे विचारावे.

शस्त्रक्रियागृहात मोजणी जुळली नाही की सर्जनला थांबवण्याचा अधिकार सिस्टरला असतो, आणि तिने थांबवले म्हणून कोणी तिला रागावत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत ठरलेल्या तारखेच्या आदल्या रात्री ‘अजून एक पासवर्ड आत राहिला आहे, थांबा’ असे म्हणणाऱ्या तरुण अभियंत्याला तो अधिकार आहे का, यावर पुढच्या मॉनिटरची सुरक्षितता ठरणार आहे. आणि तो अधिकार त्याला मिळावा यासाठी खरेदी करणाऱ्याने, म्हणजे रुग्णालयाने, मोजणीचा कागद मागायला हवा.